मामांची डिलाइट, भाचीचा आक्षेप

आमच्या सोसायटीत १९६७ सालची एक फियाट ११०० डिलाइट आहे. तिच्या मालकांना लहानथोर सगळे मामाच म्हणतात. सख्खी भाची सारखी येत-जात असते, तिच्या तोंडचा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. मामा विमा कंपनीतून निवृत्त झालेले, जुन्या गाड्यांच्या एका क्लबाचे सभासद, आणि रविवारी सकाळी बॉनेट उघडून त्यात डोकं घालून बसणारे. भाची संग्रहालयांसाठी जुन्या वस्तूंचं जतन करते. रंगवलेली कवाडं, गंज चढलेली शस्त्रं, कीड लागलेल्या पालख्या, असलं तिचं काम. जुनं टिकावं असं दोघांनाही वाटतं, आणि भांडण नेमकं तिथूनच सुरू होतं.

यंदाचं भांडण गाडीच्या तळावरून झालं. ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं तर खाली सोसायटीच्या फरशा दिसल्या. मामांचा मिस्त्री, ज्याला सगळे उस्ताद म्हणतात, त्यानं सल्ला दिला की तळ कापून नवा पत्रा जोडू, आणि गाडी उघडलीच आहे तर सगळा रंग उतरवून नव्यानं मारू. मामा तयार झाले. भाचीला कळलं तशी ती तडक आली. मी चहाला तिथंच होतो.

भाची : तळ बदल, माझी हरकत नाही. नाहीतर एखाद्या दिवशी ब्रेक मारताना पाय रस्त्याला लागायचा. पण छतानं काय घोडं मारलंय?

मामा : अगं, तुकड्यातुकड्यांनी रंग मारला की शेड जुळत नाही. गाडी दुरंगी दिसते.

भाची : दिसू दे की.

मामा : आणि नुसता दिसण्याचा प्रश्न नाहीये. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हीच चासी. तळ आणि दरवाजांखालच्या पट्ट्या कुजल्या की सगळं अंग ढिलं पडतं. तुझ्या बाजूचा दरवाजा दोनदा आपटावा लागतो, तो उगीच? पत्रा उघडा केल्याशिवाय कुठं सडलंय आणि कुठं आधीच्या कुणी नुसती लांबी भरून वेळ मारून नेलीय, ते कळत नाही.

भाची : लोहचुंबक फिरव ना गाडीवरून. जिथं धरत नाही तिथं लांबी. त्यासाठी सगळी गाडी सोलायला कशाला हवी?

ही चुंबकाची युक्ती जुनी गाडी घ्यायला जाणारा प्रत्येक जण जाणतो. मला ती मामांनीच शिकवली होती. मामांनी चहाचा कप उचलला.

भाची : छतावरचा रंग कुर्ल्याच्या कारखान्यातला आहे. खाली प्रायमर कसला, थर किती जाड, कामगाराच्या हातून कुठं ओघळ आलाय, सगळं त्यात आहे. नवा रंग तू केव्हाही मारशील. हा परत कुठून आणणार?

कुर्ल्याचं नाव निघालं की मामाही हळवे होतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सुरुवातीला क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, डिसोटो जुळवल्या, मग फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल फियाट मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ करून टाकली. १९६४ मध्ये काटकोनी चेहऱ्याची डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तिचीच आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. इंजिन तेच, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गेअरचा दांडा स्टिअरिंगलाच. पुढं सलग एकच सीट, त्यावर तिसऱ्या माणसाला दाटीवाटीनं बसवायचं आणि गेअर टाकताना त्यानं गुडघे सावरायचे. डिझाइन इटलीचं खरं, पण भारतात ही गाडी इतकी मुरली की इथल्या माणसाला ट्युरिनचा काही संबंध असेल असं वाटेनासं झालं.

मामा : क्लबाच्या स्पर्धेत विटका रंग पाहिला की परीक्षक गुण कापतात.

भाची : तुमचे परीक्षक मागे राहिलेत. कॅलिफोर्नियात पेबल बीचला जगातली सगळ्यात मानाची स्पर्धा होते. २०२४ साली तिथं पहिला नंबर १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. न रंगवलेली, न उजळलेली, जशी होती तशी. तशा गाडीला तिथं सर्वोच्च मान मिळायची ती पहिलीच वेळ.

मामा : ती बुगाटी बेल्जियमच्या राजाची होती, बाई. राजाच्या गाडीचा रंग उडाला की त्याला इतिहास म्हणतात. माझ्या गाडीचा उडाला की सेक्रेटरी विचारतात, मामा, भंगारात कधी काढताय?

भाची : म्हणजे सेक्रेटरींना भिऊन रंग मारतोयस.

मामा : भीत नाही मी कुणाला. तुला बेंटलीचा खटला माहीत आहे? ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मॉंची शर्यत जिंकली. पुढं तिच्यात इतके बदल झाले की मूळचे भाग फार थोडे उरले. एकानं ती विकायला काढली, सौदा झाला, आणि घेणारा फिरला. म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. लंडनच्या कोर्टानं १९९० साली काय सांगितलं? ही तीच गाडी. भाग बदलत गेले, पण तिचा प्रवास मध्ये कुठं तुटला नाही. रंग गेला म्हणून गाडी जात नाही.

भाची : छान. आणि प्रवास तुटला नाही हे कोर्टानं साक्षी-पुराव्यांवरूनच ठरवलं ना? तुझ्याकडे कसला पुरावा आहे? हे इंजिन आजवर किती वेळा बोअर केलंय?

मामा : दोनदा.

भाची : मागच्या दिवाळीत तीनदा म्हणाला होतास.

मामींनी आतून सांगितलं, तीनदा. तिसऱ्या वेळचे पैसे त्यांच्या भिशीतून गेले होते.

जुन्या वाहनांच्या क्लबांचा ‘फिवा’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, १९६६ पासूनचा. या महासंघानं २०१२ साली जतनाची एक सनद केली. तिचं म्हणणं बरंचसं भाचीच्या बाजूचं आहे. हात शक्य तितका कमी लावा, जे कराल ते लिहून ठेवा, नवा भाग बसवलात तर तो नवा आहे हे तपासणाऱ्याला कळू द्या. सनदेला नाव मात्र ट्युरिनचं आहे, म्हणजे फियाटच्या गावचं. भाचीनं हे सांगितल्यावर मामा म्हणाले, घरचेच लोक उलटले.

आपल्याकडचा कायदाही तिच्याच बाजूला झुकतो. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपातली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत १० वर्षं. आधीची नोंद असेल तर जुना नंबर राहतो, नव्यानं नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट एकच, आणि ती मामांच्या जिव्हारी लागणारी. अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

मामा : म्हणजे पार्ल्याच्या बाजारातून भाजी आणली की मी गुन्हेगार.

भाची : मग साधी नोंदणी ठेव.

मामा : ठेवलीच आहे. दर पाच वर्षांनी आरटीओ, फिटनेस, हरित कर. आता तर ती नवी अॅल्युमिनियमची नंबरप्लेटही लावा म्हणतात. काळ्या पाटीवरचे पांढरे आकडे मी स्वतः ब्रशनं रंगवलेत.

भाची : बघ! स्वतःच्या हातचा रंग पुसायचा म्हटल्यावर जीव तुटतो. कुर्ल्याच्या कामगाराच्या हातचा मात्र चालतो.

इथं मामा खरे अडकले होते. पण त्यांनी विषय बदलला, आणि बदलला तो भलत्याच ठिकाणी. ते गाडीच्या काचांबद्दल बोलू लागले. पुढच्या दरवाजाची ती छोटी त्रिकोणी काच, जी उघडली की वारा थेट तोंडावर येतो, ती किती मुश्किलीनं मिळवली वगैरे.

भाची : कुठून मिळवलीस?

मामा : कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून. पद्मिनीची. एकसारखीच असते.

भाची : कुठल्या पद्मिनीची?

मामा : टॅक्सीच्या असणार. तेव्हा टॅक्सीच निघत होत्या भंगारात.

भाची : स्टिअरिंग बॉक्स?

मामा : टॅक्सी.

भाची : मागचे पाटे, डिफरन्शियल, दरवाजा, बंपर?

मामा : बंपर चोर बाजारातला.

भाची : आणि चोर बाजारात कुठून आला? मामा, माझा खरा राग इथं आहे. तुझी गाडी मेलेल्या टॅक्सींवर जगतेय. रविवारी क्लबात तिला बक्षीस मिळतं. ज्या गाडीनं हे शहर ओढलं तिचं काय झालं?

तिचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९६४ मध्ये डिलाइटपासून सुरू झालेला फियाटचा टॅक्सीचा जन्म ३० ऑक्टोबर २०२३ ला संपला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीला ताडदेव आरटीओत नोंदवलेली होती, आणि मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. टॅक्सीवाल्यांच्या युनियननं सरकारकडे किमान एक तरी पद्मिनी जपून ठेवा अशी मागणी केली होती, पण सरकारनं ती मनावर घेतली नाही. डिकीत सीएनजीची टाकी, टपावर कॅरिअर, खिडकीबाहेर लोखंडी मीटर, डॅशबोर्डावर देव आणि पंख्याची जागा बघून लावलेली फुलं, अशा या गाड्या. त्यातली एखादी संवर्धकाच्या हाती लागली असती तर रंग, वेल्डिंग, सीटची कव्हरं एवढ्यावरून तिनं अर्ध्या शहराची रोजीरोटी वाचून दाखवली असती. श्रीमंतांच्या गाड्यांना जागा मिळते. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह आहे, त्यात संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस डोळे दिपवतात. तो संग्रह उत्तमच आहे. पण जी गाडी लाखो माणसांच्या बुडाखाली होती तिचं जतन आजवर हौशी माणसांच्या लहरीवर चाललं आहे, आणि भाचीचा हा मुद्दा मला मामांच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा जड वाटतो.

मामांना तो पटला नाही असं नाही. त्यांनी त्याला बगल दिली.

मामा : मग मी काय करायचं होतं? तो दरवाजा वितळून सळया होऊ द्यायच्या होत्या? माझ्या गाडीत तो निदान उघडतो-मिटतो.

भाची : कुठल्या टॅक्सीचा दरवाजा ते लिहून ठेवायला काय होतं? नंबर असेल, युनियनचं स्टिकर असेल. तू ते घासून काढलंस.

मामा : पिवळा रंगही घासून काढला. छत पिवळं, अंग काळं. खालून पिवळा दिसायला लागला तर लोक हात दाखवून थांबवतील.

यावर दोघंही हसले, आणि मग मामींनी पोहे आणले.

पोह्यांनंतर बोलणं सहलीवर गेलं. भाचीच्या मते जुन्या गाड्यांच्या सहली म्हणजे मिरवणूक. पहाटे निघायचं, जुन्या हमरस्त्यानं बोरघाट चढायचा, खंडाळ्यात कांदाभजी खायची, पोझ देऊन फोटो काढायचे, चिक्की घेऊन परत.

भाची : एवढं पेट्रोल जाळायचं, धूर सोडायचा, त्यात ना उत्प्रेरक ना काही. ना सीटबेल्ट, ना डोक्यामागे टेकू. चारही चाकांना ड्रम ब्रेक. आणि घाटात सगळ्या रहदारीनं तुमच्या मागं रांग लावायची.

मामा : वर्षभरात माझी गाडी चालते किती? तुझ्या ऑफिसची कॅब आठवड्यात त्याहून जास्त फिरते. आणि मिरवणूक म्हणतेस, तर ही प्रथा क्लबांहून जुनी आहे. १८९६ मध्ये इंग्लंडात मोटारींची वेगमर्यादा ताशी १४ मैलांवर नेली, त्या आनंदात लोक लंडनहून ब्रायटनला मोटारी घेऊन गेले. आजही दर नोव्हेंबरात १९०५ च्या आधीच्या गाड्या त्याच रस्त्यानं जातात. गाडी चालवून दाखवण्यासाठीच असते, झाकून ठेवण्यासाठी नाही.

भाची : पालखीही खांद्यावर घेऊन चालण्यासाठीच असते. तरी कीड लागलेली पालखी मी खांद्यावर देत नाही.

मामा : मग ती पालखी राहत नाही, सुताराला बघायचं लाकूड होतं. उभ्या गाडीचं काय होतं ते मला विचार. टायर बसतात, ब्रेकचे सिलिंडर चिकटतात, पंपाचा पडदा वाळतो, सील कडक होतात. इंजिनात तेल फिरलं नाही की आतून गंज. जपायची म्हणून झाकून ठेवलेल्या गाड्या मी बघितल्यात. चालू करायला गेलं की चालवलेल्या गाडीच्या दुप्पट खर्च.

इथं मामा खुशीत आले, कारण हे त्यांचं मैदान. घाटातली गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली. पेट्रोलचा पंप इंजिनला चिकटून असतो. चढावर इंजिन तापतं, पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, कार्बोरेटरला थेंब मिळत नाही आणि गाडी आचके देत थांबते. मग बाटलीतलं पाणी ओतून ओलं फडकं पंपावर ठेवायचं आणि थांबायचं. क्लबाच्या सहलीत एक गाडी अशी थांबली की मागच्या सगळ्या थांबतात. कुणी फडकं आणतो, कुणी थर्मास. ज्याच्या गाडीला ती व्याधी कधी झालेली नाही असा एक डॉक्टर सभासद उपदेश करतो. खरी बैठक तिथंच होते. बायका एकमेकींना विचारतात, तुमच्याकडे अजून किती पैसे जाणार आहेत? कांदाभजी हे निमित्त.

आता नवी अडचण इथेनॉलची. पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल सगळीकडे झालं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीत गंज धरतो, आणि साठच्या दशकातल्या रबराचे होज, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधली सीलं फुगतात किंवा चिरतात. क्लबाच्या गेल्या सहलीत चर्चा फक्त याचीच होती. कुठल्या रबराचा होज टिकतो, पडदा कोण कापून देतो, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवायची की भरून. मी मागच्या सीटवर बसून ऐकत होतो. त्या भल्या माणसांत एक निवृत्त न्यायाधीशही होते, आणि ते होजच्या क्लिपांवर ज्या तन्मयतेनं बोलत होते तशी तन्मयता कोर्टात सगळ्यांच्या वाट्याला आली असेल का, असं मनात येऊन गेलं.

भाची : हे ऐकायला मला आवडेल. हे तुम्ही लिहून का ठेवत नाही?

मामा : लिहायचं काय त्यात? उस्तादला माहीत आहे.

भाची : आणि उस्तादनंतर?

हा प्रश्न मामांनी कधी स्वतःला विचारला नसावा. उस्तादचा मुलगा या धंद्यात आलेला नाही. गॅरेजात हाताखाली जो पोऱ्या आहे त्याला नव्या गाड्यांचा स्कॅनर लावता येतो, पण कार्बोरेटरचं जेट फुंकून साफ करणं, कानानं ऐकून टॅपेट बसवणं, हातोडी आणि लाकडी ठोकळ्यानं सपाट पत्र्याला मडगार्डची गोलाई आणणं, हे त्याला येत नाही. आणि शिकून त्याला पैसे किती मिळणार? गाडी संग्रहालयात ठेवता येते. ठोका कुठं मारायचा ते संग्रहालयात ठेवता येत नाही, ते फक्त काम येत राहिलं तर टिकतं, आणि काम यायचं तर गाड्या रस्त्यावर बिघडत राहायला हव्यात. मामांच्या सगळ्या हट्टात मला पटणारी गोष्ट ही एक. क्लबवाले स्वतःला गाड्यांचे तारणहार समजतात. प्रत्यक्षात त्यांनी तगवलेत ते चार-दोन पत्रेवाले, एखादा सीट शिवणारा, आणि लेथवर किंगपिन करून देणारा कुणी.

भाचीला हे लगेच उमगलं, कारण तिच्याकडेही हेच चालतं. कवाडांचा मूळ रंग कसा करायचे ते सांगणारा कुणी उरलेला नसतो, म्हणून तर ती रंगाच्या प्रत्येक कणाला जपते. ती मामांना म्हणाली, मला गॅरेजात घेऊन चल.

गॅरेजात मात्र सगळं उलटंच झालं. भाचीनं उस्तादला समजावलं की नवा पत्रा जिथं जुन्याला जोडाल तिथं जोड दिसू दे, नवा भाग नवा म्हणून ओळखू येऊ दे. उस्ताद तिच्याकडे बघतच राहिला. आजवर गिऱ्हाइकानं त्याला सांगितलं होतं ते एकच, जोड दिसता कामा नये. उत्तम रफूगराच्या टाक्यासारखा त्याचा जोड बोट फिरवूनही लागत नाही, आणि बाजारात नाव आहे ते त्यावरच. जोड दिसला तर लोक म्हणतील उस्तादचा हात गेला, असं तो म्हणाला. भाचीनं ट्युरिनची सनद सांगितली. उस्तादनं ती ऐकून घेतली आणि विचारलं, त्या साहेबांनी कधी वेल्डिंग केलंय का?

मामा एकदम उस्तादच्या बाजूचे झाले. मग बराच वेळ घासाघीस झाली, आणि शेवटी काही गोष्टी ठरल्या. तळाचा पत्रा नवा, जोड उस्तादच्या पद्धतीचा, वरून न दिसणारा. पण खालच्या बाजूला, गाडी खड्ड्यावर घेतल्याशिवाय नजरेला पडणार नाही अशा जागी, पंचनं साल ठोकायचं. कापलेला जुना तुकडा भाची घेऊन जाणार. कामाची वही ठेवायची, पण उस्ताद लिहिणार नाही. लिहिलं की पुढच्या खेपेला तुम्ही तेच मला दाखवणार, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो बोलणार आणि भाची लिहिणार, आणि तेही तो काम करत असताना, कारण हात मोकळे असले की त्याला काही आठवत नाही.

छताच्या रंगाचं अजून ठरलेलं नाही. मामा म्हणतात, निदान पॉलिश तरी करू. भाची म्हणते, आधी एका कोपऱ्यात करून दाखव. पावसाळ्यात रंगाला ओल धरते, तेव्हा जे काय ठरवायचं ते मे संपायच्या आत ठरवा, असं उस्तादनं दोघांनाही बजावलं आहे.